नळाला बांधलेली हिरवी वायर

आई,

गेल्या सोमवारी मी एका शाळेच्या नळाला उलटा हात लावला आणि हात आपोआप मागे फेकला गेला. तुला जाऊन सोळा वर्षं झाली, माझ्या कानाजवळचे केस पांढरे झाले, पण घाबरले की मी अजून तुलाच हाक मारते. या वेळी नुसत्या हाकेनं भागेना म्हणून लिहायला बसले आहे. दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलंय. समोर एक सीपीयू उघडा पडलाय, त्याच्या मालकाला सोमवारी या म्हणून सांगितलं. काम अर्ध्या तासाचं आहे, पण मी ते बाजूला सारलं.

तुला नीट सांगते. विंझर सोडून वेल्ह्याकडे निघालं की पुढे एक वाडी लागते, तिथल्या शाळेत मी जूनमध्ये बारा कंप्युटर बसवले. पुण्यातल्या कुठल्याशा ऑफिसानं टाकून दिलेले होते. इथं कामथडीच्या दुकानात ते टेम्पोतून उतरवले तेव्हा अठ्ठावीस होते. याचा पंखा त्याला, त्याची रॅम तिसऱ्याला असं करत त्यातून बारा उभे केले. तू बघितले असतेस तर प्रत्येकाला उलटासुलटा करून पाहिलं असतंस आणि मग नुसतं ‘हं’ म्हणाली असतीस. त्या बारांची अर्थिंगची हिरवी वायर मी शाळेच्या पिण्याच्या पाण्याच्या नळाला बांधली, आणि कागदावर लिहून दिलं, ‘अर्थिंग तपासले, योग्य आहे.’ खाली सही केली. मी तपासलं नव्हतं. त्या नळाला सातवीतल्या एका मुलीला झटका बसला. आता उद्याच्या ग्रामसभेत गावाला पाणी सोडणाऱ्या माणसाला कामावरून काढायचं घाटतंय, कारण नळाचा पाइप त्यानं बदलला आणि त्यामुळे हे झालं असं सगळ्यांना वाटतं. तसं वाटायला लावलं ते मी.

तू भित्री होतीस, आई. हे तुझ्या तोंडावर मी कधी बोलले नाही, पण लहानपणी मला त्याची लाज वाटायची. भोरच्या शाळेत तू शिपाई. मोठे सर नुसते खाकरले तरी हातातला झाडू खाली ठेवून उभी राहायचीस. स्विच लावायचा तर आधी चप्पल कोरडी आहे का ते बघणार, मग भिंत कोरडी आहे का ते बघणार. बाबा हसायचे, म्हणायचे, भित्यापाठी ब्रह्मराक्षस. आणि अशा बाईनं कुणाला न विचारता शाळेचा कंप्युटर उघडला, हे मला अजून खरं वाटत नाही.

तो खंडेनवमीचा प्रताप. शाळेत कंप्युटर येऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं. त्या खोलीला पडदे होते, जाजम होतं, आणि मुलांना पाय धुतल्याशिवाय आत सोडत नसत. कंप्युटर शिकवणाऱ्या बाईंनी हौसेनं पूजा मांडली, प्रत्येक मॉनिटरला हळदीची बोटं ओढली आणि सीपीयूच्या मागं जिथं जाळी दिसली तिथं झेंडूचा हार अडकवला. दिसायला छान दिसलं. मग कुणीतरी ते चालू केले. दसऱ्यानंतर आपण दोघी झाडायला गेलो तर एकाच्या पोटातून घर्रर्र आवाज. पुण्याचा इंजिनिअर महिन्यानं येणार होता. तू दार लोटून घेतलंस, शिलाई मशीनचा पेचकस पदराखालून काढलास आणि मला म्हणालीस, “हितं हुभी ऱ्हा. कुनी आलं तर खोक.” मी आठवीत होते. मी इतकी घाबरले होते की कुणी नसतानाच खोकत होते. तू चार स्क्रू काढलेस, पत्रा बाजूला केलास, आणि आपण दोघी वाकून बघत राहिलो. पंख्यात झेंडूच्या पाकळ्यांचा चोथा झाला होता, हिरव्या पाटीवर हळद सांडलेली. तू केसातली पिन काढून एक एक पाकळी उचललीस. किती वेळ लागला कोण जाणे. पत्रा बसवून बटण दाबलंस, पंखा गप्प फिरला, तेव्हा तू हसलीस, आणि हसताना तोंडावर पदर घेतलास, जणू आत कुणी झोपलंय.

त्यानंतर तुला राहवेना. इंजिनिअर आला की तू जाजम झटकायच्या निमित्तानं आत. तो टुकटुक आवाज करणाऱ्या मशीनमधून रॅमची पट्टी काढतो, तिचे सोनेरी दात खोडरबरनं घासतो आणि परत बसवतो, हे तू दोनदा पाहिलंस. तिसऱ्यांदा तो यायच्या आत तूच केलंस. वर्गात पोरांचे पडलेले खोडरबर तू गोळा करून ठेवायचीस, ते कशाला हे फक्त मला माहीत. तीन मशीनं अशी चालू झाली. चौथं झालं नाही. ना टुकटुक, ना दिवा. पट्टी उलटी दाबली गेली असेल, तेव्हा कुठं कळत होतं आपल्याला. दुसऱ्या दिवशी मोठ्या सरांनी तुला आणि दुसऱ्या मावशींना बोलावलं. त्या मावशी हंगामी होत्या, लागून सहा महिने झाले होते. मी तुझा डबा द्यायला आले होते, दाराशीच थांबले. सर म्हणाले, कुणी हात लावला ते आत्ता सांगा, नाहीतर मला जे करायचं ते करीन. बघत होते ते मावशींकडे. खोलीची किल्ली आदल्या दिवशी त्यांच्याकडे होती.

तुझ्या हातातला झाडू थरथरताना मी पाहिला. त्याच्या काड्या फरशीवर वाजत होत्या. “सर, म्या उघडला,” तू म्हणालीस. “ह्यांचा काय संबंध न्हाई.” पुढचं वर्षभर तुला संडासांचं काम दिलं. का तेच काम दिलं आणि आपल्याच घरातल्या बाईला का दिलं, हे घरात कुणी बोललं नाही, पण सगळ्यांना समजलं होतं. मी तुझ्याशी आठ दिवस धड बोलले नाही. नवव्या दिवशी तू भाकरी थापत होतीस तेव्हा मी ओरडले, कुणी पाहिलं होतं का तुला? कशाला सांगितलंस? तू भाकरी तव्यावर टाकलीस, पाणी फिरवलंस. “तिचं नाव निघालं असतं,” म्हणालीस. मी म्हटलं, तुला भीती नाही वाटली? “वाटली की. लई वाटली. पाय लटालटा कापत व्हतं.” आणि भाकरी उलटलीस. एवढंच. मला काहीतरी मोठं उत्तर हवं होतं, ते मिळालं नाही म्हणून मी आणखी चिडले.

शाळेतली ती कंप्युटरची खोली तुला बंद झाली म्हणूनच आपल्या स्वयंपाकघरात कंप्युटर आला, नाहीतर आला नसता. तू पुण्याच्या जुन्या बाजारातून एक मदरबोर्ड आणलास, पिशवीत मेथीखाली. पुढच्या खेपेला त्याचा वीजपुरवठ्याचा डबा. पेटी नव्हतीच. पोळपाट उलटा घालून त्यावर आपण मदरबोर्ड ठेवायचो आणि दोन पिनांना पेचकस टेकवून चालू करायचो. मी शिकले ती तिथं, आई. पुस्तक नव्हतं, वर्ग नव्हता. काय कुठं बसतं ते बसवून बघायचं, नाही बसलं तर जोर करायचा नाही. “बळ लावू नगंस. बसायचं आसंल तर आपसूक बसतंय.” हे मी आजही दुकानात पोरींना सांगते, आणि सांगताना तुझाच आवाज येतो.

आणि ती थप्पड. पोळपाटाशेजारी डबा चालू होता, मी सरकवायला म्हणून अख्खा तळवा त्यावर ठेवणार तोच तू खाडकन लगावलीस. माझ्या डोळ्यांत पाणी. तू आधी वायर उपटलीस, मग माझा हात हातात घेतलास. “तळवा लावायचा न्हाई. करंट आसला तर तळवा मिटतो नि धरून बसतो, सुटत न्हाई. उलटा हात लाव. उलटा हात झिडकारला जातो.” भोंगवलीला तुझ्या माहेरी मोटारीच्या पेटीला चिकटलेला माणूस तू लहानपणी पाहिला होतास, हे त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलंस. त्याच आठवड्यात तू मोरीमागं कमरेइतका खड्डा खणलास, कोळसा आणि खडे मीठ घातलंस, पत्रा पुरलास आणि हिरवी वायर त्याला जोडलीस. भांड्यांचं पाणी रोज त्यात. वायर नुसती जमिनीत गेली म्हणजे झालं असं नाही, लाइटीची तार आणि ही वायर यांच्यामध्ये बल्ब लावून बघायचा, लख्ख पेटला तरच अर्थिंग, हेही तूच. दोन मिनिटांचं काम. म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोयसुद्धा तू ठेवली नाहीस.

मग जूनमध्ये मी ते का केलं नाही? या प्रश्नाला मी पाच दिवस वेगवेगळी उत्तरं देतेय. पाऊस भरून आला होता. परतायची घाई होती. खरं उत्तर वेगळं आहे. शाळेत खुर्च्या मांडल्या होत्या, समितीची माणसं चहा पीत बसली होती, आणि सगळे बघत होते की ही बाई काय करते. एक जण म्हणाला, “बाईला जमंल का लाइटीचं?” मी हसले. बल्ब लावला असता आणि पेटला नसता तर सगळ्यांसमोर खड्डा खणा म्हणावं लागलं असतं, कार्यक्रम पुढे गेला असता, आणि तो माणूस म्हणाला असता, बघा, म्हटलं नव्हतं? मला त्याची भीती वाटली. करंटची नाही वाटली. नळाचा पाइप लोखंडी दिसत होता, वायर आवळून ओढून पाहिली, घट्ट होती. सही केली. मग मीही चहा प्यायले.

प्रत्येक कंप्युटरच्या पत्र्यावर चिमूटभर करंट येतच असतो, तो जमिनीत जावा म्हणून हिरवी वायर. तिला जमीन सापडली नाही की बारा पत्र्यांवरचा मिळून नळावर येऊन बसतो. एरवी एका वेळी दोन-तीनच चालू असत, या सोमवारी बाराही चालू होते, आणि मधल्या सुट्टीत ती मुलगी अनवाणी ओल्यात उभी राहून पाणी प्यायला गेली. मुख्याध्यापकांचा फोन आला, “ताई, नळ चावतोय. पोरगी पडली. लगेच या बरं.” मी गाडी कशी चालवली मला आठवत नाही. मुलगी ओट्यावर बसली होती, हात कोपरापर्यंत बधिर म्हणत होती, पण बोलत होती. दवाखान्यात नेऊन आणली, सगळं ठीक. मी नळाला उलटा हात लावला, तेव्हा काय झालं ते सुरुवातीला सांगितलंच. मेन स्विच पाडला. मग तो पाणी सोडणारा माणूस कुदळ घेऊन आला आणि आम्ही दोघांनी नळाखालची जमीन उकरली. वीतभर खाली लोखंड संपलं आणि प्लास्टिकचा पाइप लागला.

आई, त्या जोडाभोवती गवताची मुळं वळली होती. बारीक, दाट, जुनी. माती बसून घट्ट झालेली. तो पाइप माझ्या जूनच्या आधीचा होता, निदान एक पावसाळा खाल्लेला. मला ते पाहताक्षणी कळलं. बाकी कुणाला कळायचं कारण नव्हतं. मी वाकलेलीच होते तेवढ्यात वरून मुख्याध्यापकांनी विचारलं, “तुम्ही तपासलं होतं ना?” मागे दहा-पंधरा माणसं. जूनमध्ये ‘बाईला जमंल का’ म्हणणारा तोही होता. मी म्हटलं, “हो. पाइप नंतर बदललेला दिसतोय.” आवाज इतका सरळ निघाला की मीच दचकले. मग सगळे त्या माणसाकडे वळले, आणि मी हातानं माती सारखी करायला लागले. ती मुळं झाकली मी. हे कुणी सांगितलं नव्हतं करायला.

शाळा आता सुरक्षित आहे, तेवढं मी केलंय. दुसऱ्याच दिवशी मैदानाच्या कडेला खड्डा घेतला, मीठ-कोळसा घातला, वायर नळावरून काढली, बल्ब लावला, लख्ख पेटला. तीनदा लावून पाहिला. आता कुणाला काही होणार नाही. पण चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालंय. फोन वाजला की मला वाटतं कुणीतरी तो जोड परत उकरला. गिऱ्हाईक नुसतं बघत उभं राहिलं तरी वाटतं, याला कळलंय. डोळे मिटले की ती मुलगी दिसते, आणि दर वेळी तिच्या हाताचा तळवा त्या नळावर मिटलेला दिसतो. बारांतल्या एका डब्याची वायर आतून उघडी पडलेली असती तर? मी पुढचा विचार करत नाही.

आणि गुरुवारी तो माणूस दुकानात आला. मी त्याला काचेतून पाहिलं आणि वाटलं, संपलं, याला आठवलं. टेबल धरून उभी राहिले. त्यानं चपला बाहेर काढल्या. मी नको नको म्हणत होते तरी काढल्या. बसला नाही. “ताई, तुमी येळंला आला म्हनून बरं झालं,” म्हणाला. “पोरगी वाचली. माज्या हातनं लई मोठं पाप झालं असतं. पाइप कवा बदलला ते मलाच याद न्हाई बगा. औंदाच्या दिवाळीत तीन-चार ठिकानी जोड मारलं, त्यात शाळंचाबी आसंल.” माझ्याकडे तारीख घातलेला, सही केलेला कागद आहे. त्याच्याकडे काहीच नाही, स्वतःची आठवणसुद्धा त्यानं माझ्या कागदाला देऊन टाकली. मग तो म्हणाला, “रईवारी सभेत येवडंच सांगा, की मुद्दाम केलं न्हाई. तुमचं ऐकत्याल.” आणि पायाशी एक पिशवी ठेवली. घरच्या इंद्रायणीचा नवा तांदूळ. न्हाई म्हनू नका, म्हणाला. मी नाही म्हटलं नाही. मी म्हटलं, “असू द्या, होतं असं.” माणसानं माफ करावं तसं.

इतकी वर्षं मला वाटत होतं की तू त्या दिवशी सरांसमोर बोललीस ते तुला भीती कमी वाटली म्हणून. आज कळतं की तुझी भीती माझ्याइतकीच होती, कदाचित जास्त, कारण तुला घर त्याच पगारावर चालवायचं होतं. मी तर नळाजवळ खोटं बोलले ते नाव वाचवायला. दुकानाची पाटी, चार शाळांचं काम, ‘बाईला जमतं’ हे ऐकायची सवय. त्या माणसाचं नाव निघतंय आणि ते मला ऐकू येतंय.

उद्या अकराला सभा आहे. मी जाणार. काय बोलायचं ते सकाळपासून तीनदा लिहून पाहिलं, तिन्ही वेळा पहिलं वाक्य ‘थोडा गैरसमज झाला’ असंच उतरलं. तिन्ही कागद फाडले. आता एकच वाक्य ठेवलंय: पाइप आधीचा होता, मी तपासलं नव्हतं. त्यापुढं मला बोलता येईल असं वाटत नाही, पण त्यापुढं त्यांनाच बोलायचं असेल. पुन्हा कुठली शाळा मला आत घेईल कोण जाणे. भीती वाटते, आई, खूप वाटते. अजूनही मधेच वाटतं की आजारी आहे म्हणून कळवावं. हे पत्रही तुला पाठवायचं कुठं, म्हणून लिहिणं सोपं गेलं.

पिशवी त्याला परत द्यायची म्हणून मी आज घरून इथं आणली. उचलली तर हलकी लागली. घरी मी कुणाला काही बोलले नव्हते, त्यामुळे काल त्यातलाच भात झाला. घरभर वास सुटला होता. मी म्हटलं मला भूक नाही, आणि सगळे उठून गेल्यावर पातेल्यात राहिलेला भात उभ्यानंच, नुसत्या मिठाशी, खाल्ला. इतका गोड होता. हे मात्र सभेत सांगणार नाही.